तुर्भे एमआयडीसीतले गॅरेज आणि जुनी ऑडी टीटी

जुनी स्पोर्ट्स कार घेऊन, ती नीट करून पुन्हा विकण्याचा विचार असेल, तर गाडी शोधण्याआधी गॅरेज शोधावे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याला कारण ठरले नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीमधले एक लहानसे गॅरेज. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडची दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी, दोन लिटर टर्बो पेट्रोल, मी तेथेच तपासून घेतली, तेथेच तयार करवली आणि अलीकडे विकली.

सौद्यापूर्वीची तपासणी ही येथली सर्वांत मोलाची सेवा आहे. टीटीच्या या पिढीत पुढचा भाग ॲल्युमिनियमचा, तर दरवाजे आणि डिकीचे झाकण पोलादाचे असते. त्यामुळे लोहचुंबक लावून, पोचे बुजवायला रंगाखाली भरलेली पुट्टी शोधण्याची नेहमीची युक्ती पुढच्या मडगार्डवर चालत नाही. येथे दोन्ही धातूंवर चालणाऱ्या मीटरने प्रत्येक पॅनेलच्या रंगाची जाडी मोजली गेली. कंपनीचा रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरतो. डाव्या मडगार्डवर आकडा त्याच्या दुपटीहून अधिक आला. मिस्त्रींनी तेवढ्यावरून निष्कर्ष काढला नाही. त्यांनी चाकामागचे प्लास्टिकचे आवरण उतरवले, आतल्या जोडांवरचे मूळ सीलंट मला दाखवले आणि म्हणाले, ‘‘नुसतं मडगार्ड रंगवलंय साहेब, चासीला मार नाही.’’ गाडी सोडून देण्याची गरज नव्हती, पण भाव कमी करून मागायला तो आकडा पुरेसा होता.

इंजिनाच्या कामातही हीच सचोटी दिसली. माझ्या गाडीतल्या इंजिनात उच्च दाबाचा इंधनपंप इनटेक कॅमशाफ्टवर, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो आणि दोहोंच्या मध्ये वाटीच्या आकाराचा छोटा कॅम फॉलोअर असतो. तो झिजणाराच भाग आहे, आणि वेळेवर बदलला नाही तर शेवटी त्याला भोक पडून पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही जातात. मिस्त्रींनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. कडेचा काळा लेप शाबूत होता, मधोमध मात्र उघड्या धातूचे चकचकीत वर्तुळ पडले होते आणि नख फिरवले की किंचित खोलगटपणा जाणवत होता. कॅमशाफ्टचा लोब, म्हणजे फॉलोअरला दाबणारा उंचवटा, त्यांनी बॅटरीच्या उजेडात नीट पाहिला आणि तो चांगला असल्यामुळे फक्त फॉलोअर बदलला. कॅमशाफ्टसकट बिल वाढवणे त्यांना सहज शक्य होते. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचतो. तो अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारून काढण्यात आला. डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या स्वयंचलित, गिअरबॉक्सचे तेल व फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते. जुनी नोंद मिळाली नाही म्हणून तेही करून घेतले.

आधीच्या मालकाने बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर ठेवावा, असे मला वाटत होते. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करणाऱ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा हवाला देऊन मिस्त्रींनी मूळ सायलेन्सर परत बसवण्याचा आग्रह धरला, आणि मूळ स्थितीतली गाडी लवकर विकली जाते हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. गाडी पाहायला आलेल्या खारघरच्या ग्राहकाने पाम बीच मार्गावर फेरी मारली खरी, पण त्याहून जास्त वेळ त्याने जॉब कार्ड, बिले आणि काढलेल्या जुन्या भागांची पिशवी पाहण्यात घालवला. जुने भाग आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो हे गॅरेज न मागता देते. मला सुटलेला नफा बेताचाच होता; मात्र भावावरून घासाघीस जवळजवळ झाली नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. रंगकाम बाहेर दिले जाते, आणि मडगार्डची छटा दरवाजाशी न जुळल्याने ते दुसऱ्यांदा करवून घ्यावे लागले. दिलेली तारीख पाळली जात नाही. सुटे भाग मागवायचे असतील तर सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट धरून चालावे. लेबर चार्ज रस्त्यावरच्या गॅरेजपेक्षा बराच जास्त आहे, आणि तो आधी लेखी मिळतो. पावसाळ्याच्या तोंडावर लिफ्ट मोकळी नसते, म्हणून केवळ तपासणीसाठी जायचे असले तरी फोन करूनच जावे आणि गाडीच्या मालकाला सोबत न्यावे, कारण त्याच्या संमतीशिवाय मिस्त्री एकही बोल्ट सैल करत नाहीत.