पोस्टग्रेसचे रेंज टाइप: ‘अंदाजे’ तारखांसाठी

आमच्या संग्रहातल्या जुन्या फोटोंवर नेमकी तारीख क्वचितच असते. मागे पेन्सिलीनं ‘१९२० च्या सुमारास’ एवढंच लिहिलेलं. अशी नोंद भरताना बरेच जण १ जानेवारी १९२० टाकून मोकळे होतात. मला हे अजिबात मान्य नाही. अंदाज तारखेच्या रकान्यात बसला की तो अंदाज होता हे पुढच्याला कळायला मार्गच उरत नाही.

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसचे रेंज टाइप, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकत्र धरणारे रकान्याचे प्रकार, मला आवडतात ते म्हणूनच. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून ते आहेत. डेटरेंजच्या (तारखांच्या रेंजच्या) एका रकान्यात ‘१९१८ ते १९२२’ असा अख्खा कालखंड मावतो. खरा उपयोग शोधताना कळतो. १९१५ ते १९२० मधले फोटो हवेत, तर ‘&&’ हा ऑपरेटर (तुलनेचं चिन्ह) त्या काळाला कुठेही शिवणारे सगळे देतो, म्हणजे त्या काळातले असू शकतील असे. ‘<@’ मात्र पूर्ण आत बसणारेच देतो, म्हणजे नक्की त्या काळातले. १९१८–२२ चा आमचा फोटो पहिल्या यादीत येतो, दुसऱ्या यादीत नाही. अभ्यासकांना मी दोन्ही याद्या देते. तारखेच्या जागी नल (‘मूल्य नाही’ अशी खूण) ठेवला असता, तर तुलनेचं उत्तर ‘अज्ञात’ येऊन फोटो दोन्हीकडून गुपचूप गळाला असता.

आकडा पुसट असेल, १९१२ की १९२१ कळत नसेल, तर १४ व्या आवृत्तीपासून मल्टिरेंज आहे, म्हणजे एकाच रकान्यात अनेक सुटे कालखंड.

खटकतं ते मोकळ्या टोकाचं. शेवट सोडून दिला की पोस्टग्रेस तो अमर्याद धरतो, मग ‘माहीत नाही’ आणि ‘अजून चालू आहे’ यांत फरक दिसत नाही. ‘इन्फिनिटी’ (अनंत) हे तारखेचं मूल्य वेगळं धरलं जातं, ते ‘चालू’साठी राखून ठेवता येतं, पण हा नियम सगळ्या टीमनं पाळायला हवा.

मोठी उणीव संभाव्यतेची. रेंजमधली सगळी वर्षं सारखीच. ‘बहुधा १९१९’ हे सांगता येत नाही. एकाच रोलवरचे दोन फोटो एकाच वर्षीचे असणार, हे तर त्याहून नाही. स्टॅनफर्डचा ट्रिओ, पोस्टग्रेसवरच उभा केलेला मेबीएमएस या अनिश्चित माहितीसाठीच्या प्रायोगिक डेटाबेसांचं संशोधन याच प्रश्नांवर झालं, पण मूळ पोस्टग्रेसमध्ये त्यातलं काही आलेलं नाही.

तोवर मी डेटरेंजशेजारी ‘अंदाज कशावरून’ असा साधा टेक्स्ट रकाना ठेवते: स्टुडिओचा शिक्का, कपडे, देणाऱ्यांनी सांगितलेली माहिती. नवा पुरावा मिळाला की रेंज अरुंद करते आणि जुनी रेंज वेगळ्या टेबलात जपते.