कॉस्मिकचं सिग्नेचर्स पेज, वर्षभर वर्गात वापरल्यावर

एमएस्सीच्या पोरांना जेनेटिक्स शिकवते. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटची कॉस्मिक वेबसाईट आहे ना, कॅन्सरमधल्या डीएनए बदलांची, त्यातलं म्युटेशनल सिग्नेचर्सचं पेज गेलं वर्षभर प्रोजेक्टरवर लावतेय. सिग्नेचर म्हणजे कॅन्सरचं एखादं कारण डीएनएत सोडून जातं ती बदलांची ठरावीक खूण. बघायला पैसे पडत नाहीत. सगळा डेटा हवा असेल तर रजिस्ट्रेशन करा, कंपन्यांना मात्र लायसन्स घ्यावं लागतं.

प्रत्येक सिग्नेचरला एक ग्राफ, ९६ काड्या, सहा रंग. डीएनएतलं कुठलं अक्षर बदललं नि त्याच्या आजूबाजूला कुठली अक्षरं होती, बस एवढंच. पण उन्हाने झालेल्या कॅन्सरमध्ये लाल काड्या उंच, सिगारेटच्या निळ्या, आणि बीआरसीए जीन (डीएनएची दुरुस्ती करणारा, घराण्यातून बिघडलेला येऊ शकतो) बिघडलेला असेल तर सगळेच रंग पसरलेले, म्हणजे रक्तातून आलेलं काय नि बाहेरून चिकटलेलं काय हे पोरांना डोळ्यांनी दिसतं. हजारो पेशंटच्या गाठी कित्येक देशांनी मिळून वाचल्या तेव्हा हे जमलंय.

एसबीएस २९ लावलं की वर्ग एकदम गप्प होतो. एसबीएस म्हणजे एकेका अक्षराच्या बदलाची सिग्नेचर, पुढे तिचा नंबर. ते तंबाखू चघळण्याचं. आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रोजेक्टमध्ये भारताने गाल-हिरड्यांचा कॅन्सर घेतला होता, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जीनोम संशोधन संस्था आणि आपल्या खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, या दोघांनी तो अभ्यासला, त्याच कॅन्सरमध्ये हे सापडलं. माझे काका तीस वर्षं तंबाखू चुना मळून खायचे आणि म्हणायचे, मी कुठं ओढतो, नुसती दाढेत धरतो. शेवटी जबडा काढावा लागला. सिगारेटचं एसबीएस ४ शेजारी ठेवून बघा, दोन्हीत निळ्याच काड्या वर आल्यात पण वेगवेगळ्या जागी. चघळणाऱ्याचा डीएनए पण बिघडतो, फक्त वेगळ्या तऱ्हेने. काका असते तर त्यांना दाखवलं असतं.

कमी काय, तर सगळं इंग्रजीत आणि बोजड, नवीन पोरगं एकटं बसलं तर गडबडतं. आणि प्रत्येक कारण खूण सोडतंच असं नाही हे आधीच सांगा. म्युटोग्राफ्स या देशोदेशीच्या कॅन्सरमधल्या खुणा शोधणाऱ्या प्रोजेक्टवाल्यांनी ८ देशांतले अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ५५२ पेशंट तपासले, काही ठिकाणी हा आजार कितीतरी जास्त आहे, तरी खुणा सगळीकडे जवळपास सारख्याच निघाल्या. किडनीच्या कॅन्सरमध्ये उलट झालं, जपानच्या ७० टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये एसबीएस १२ दिसलं, कशामुळे ते अजून कळलेलं नाही. पेजवर तिथे सरळ 'अननोन' लिहिलंय, हे मला फार आवडलं.

पाचपैकी साडेचार. पहिल्यांदा उघडताय तर ४ आणि २९ दोन टॅबमध्ये लावा, बाकीचं नंतर.