उलटं काचचित्र की भट्टीचा रंग: हात कशावर बसवावा?

मुंबईत काचेवरचं रंगकाम शिकायचं म्हटलं की आधी दिसतात त्या आउटलायनर आणि बाटलीतल्या पारदर्शक रंगांच्या कार्यशाळा. मजा येते, पण ब्रशचं काम त्यात फारसं नसतं. ते बाजूला ठेवू. खरी निवड दोन जुन्या पद्धतींत आहे.

उलटं काचचित्र 18व्या शतकात चिनी व्यापाराबरोबर पश्चिम भारतात आलं आणि देवादिकांच्या तसबिरींत रुजलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्याचे नमुने आहेत. रंगवायचं काचेच्या मागून, पाहायचं पुढून. त्यामुळे क्रम फिरतो: डोळ्याची बाहुली, नथीतला मोती आधी, अंगाचा रंग मग, पार्श्वभूमी शेवटी. रेखाटन पालथं करून काचेखाली ठेवायला विसरलात तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि मग सोवळंओवळं सांभाळा! खर्च किरकोळ: खिडकीची साधी काच, एनॅमल किंवा अ‍ॅक्रिलिक, दोन बारीक ब्रश. चाळीतल्या खोलीतही जमतं. त्रास पावसाळ्यात, रंग लवकर वाळत नाही, आणि काच स्पिरिटने नीट पुसली नसेल तर पापुद्रे सुटतात.

भट्टीचा रंग म्हणजे कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या खिडक्यांवर दिसतो तो. काचेची पूड आणि लोखंड-तांब्याचे ऑक्साइड, पाण्यात व डिंकात कालवलेले. आधी रेषा, मग सावलीचा पातळ हात. तो वाळला की कोरड्या ब्रशने, काडीने खरवडून उजेड काढायचा. साधारण 650 अंश सेल्सिअसला भाजल्यावर रंग काचेत वितळून बसतो. काच सावकाश थंड करावी लागते, नाहीतर तडकते. घरात भट्टी बसवणं बहुतेकांना शक्य नाही. मातीकामाच्या स्टुडिओत विचारा, पण काचेसाठी भट्टी द्यायला सगळेच तयार होतील असं नाही. पुडीत शिसं असू शकतं, म्हणून मास्क हवा आणि हे काम स्वयंपाकघरात नको.

एवढं असूनही, हात सुधारणं हाच हेतू असेल तर मी भट्टीच्या रंगाकडे झुकतो. कारण भाजण्याआधी तो पाण्याने धुतला जातो. काचेखाली नमुना, त्याखाली दिवा. तीच भुवई काढा, पुसा, पुन्हा काढा. हा सराव भट्टीशिवाय होतो. उलट्या चित्रात मात्र आधी काढलेल्या डोळ्यावर पुढचे थर चढले की तो वाकडा असला तरी तसाच राहतो.

भिंतीवर लावायला किंवा कुणाला भेट द्यायला चित्र लवकर हवं असेल तर उलटं काचचित्रच घ्या, भट्टीची वाट पाहत बसू नका. सरावासाठी पूड मागवणार असाल तर सुरुवातीला एकच काळा किंवा तपकिरी रंग, तोही थोडा, आणि रेषेसाठी लांब केसांचा एक ब्रश पुरे. चांदीच्या संयुगाचा पिवळा रंग भाजल्याशिवाय उमटतच नाही. तो भट्टीची सोय झाल्यावर घ्या.