झिंक ऑक्साइडचा लेप: द्रावणातून की पुडीतून?

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीत कार्बन मोनॉक्साइड हेरणाऱ्या संवेदकासाठी झिंक ऑक्साइडचा लेप दोन विद्युत् पद्धतींनी चढवता येतो. पहिलीत झिंक नायट्रेटच्या सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात ऋणाग्रापाशी (विजेच्या ऋण टोकापाशी) नायट्रेटचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, अल्कता वाढते आणि तेथल्या तेथे झिंक ऑक्साइडचे स्फटिक उगवतात. प्लेटिंगच्या कारागिराला ही मांडणी परकी वाटणार नाही. दुसरीत अल्कोहोलसारख्या द्रवात तरंगणारी झिंक ऑक्साइडची तयार पूड विद्युत् दाबाने पृष्ठभागावर ओढली जाते. त्यातून काही मिनिटांत जाड, सच्छिद्र थर मिळतो, पण वाळताना त्याला भेगा पडू शकतात आणि भट्टीत भाजल्याशिवाय तो पक्का होत नाही.

सारे मर्म पृष्ठभागात आहे. २०० ते ४०० अंशांवर लेपाला चिकटलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन अडवून धरतो. कार्बन मोनॉक्साइडशी त्या ऑक्सिजनचा संयोग झाला की ते इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि लेपाचा विद्युत् रोध घटतो; हाच बदल संवेदक मोजतो. सच्छिद्र थरात वायू खोलवर शिरतो, म्हणून संवेदनशीलतेत दुसरी पद्धत सरस ठरू शकते. तरीही फौंड्रीतील हादरे पाहता मी घट्ट धरणारी पहिलीच निवडेन. मात्र अखंड धातूवर लेप दिल्यास वीज धातूतूनच वाहते आणि लेपाचा रोध नीट मोजता येत नाही. म्हणून एकमेकींच्या जवळ आखलेल्या दोन धातुरेषांमधील फट भरेपर्यंत लेप वाढवावा लागतो.