बारा खणांचा आयस्कझी स्टोरेज बॉक्स, आठ महिन्यांनी: सगळं ठीक, पण तो एक ड्रॉपडाउन!

आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरला डिस्क पुरवायची पद्धत. बॉक्स वाईट नाही, हे आधीच सांगतो. पंख्यांचा आवाज माफक, रेड-६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी) डिस्क बदलली तर रीबिल्ड विनातक्रार. डोकं फिरतं ते लन (बॉक्समधून सर्व्हरला दिलेली आभासी डिस्क) बनवताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या आड दडवलेल्या ब्लॉक साइजच्या ड्रॉपडाउनमुळे, म्हणजे डिस्क किती बाइटच्या तुकड्यांत मोजायची ते. डिफॉल्ट ४०९६. एकदा लन बनला की बदल नाही. डेटा हलवा, लन पुसा, नवा बांधा.

विंडोज सर्व्हर २०१२ आणि पुढच्यांना ४०९६ चालतो, २००८ आर२ ला नाही. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) ६.७ पासून ‘४केएन (४०९६ बाइटचेच ब्लॉक) चालतं’ असं वाचून फसू नका. ६.७ आणि ७ मध्ये ते सर्व्हरला थेट लावलेल्या हार्डडिस्कपुरतं आहे, सॅनवरच्या, म्हणजे अशा नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या, लनला नाही. भोसरीच्या साइटवर ४०९६ चा लन ईएसएक्सआयवर चालेना, तेव्हा सर्व्हिसवाल्याने दोनदा केबल बदलली आणि शेवटी नव्या कंट्रोलरचं कोटेशन दिलं. औषध फुकटचं होतं: ५१२ चा लन.

लिनक्सवर दोन्ही आकार चालतात, पण ५१२ चा लन डीडीने (डिस्क बाइट-बाइट जशीच्या तशी उतरवणारी कमांड) ४०९६ वर उतरवला की पार्टिशन गायब. जीपीटीचा (पार्टिशनची यादी) हेडर ब्लॉक क्रमांक १ वर शोधला जातो. तो ५१२ व्या बाइटला लिहिलेला, आणि नवा लन बघतो ४०९६ व्या बाइटला. ५१२ च्या सेक्टरवर (म्हणजे ब्लॉकवर) बनवलेली एक्सएफएस ही फाइलसिस्टमही तिथे माउंट होत नाही. अशा वेळी नवी फाइलसिस्टम करून आरसिंकने (फाइल-फाइल कॉपी करणारी कमांड) फाइल्स न्या. कॉपीआधी दोन्हीकडे ब्लॉकचा आकार दाखवणारी ‘ब्लॉकडेव्ह --गेटएसएस’ चालवा, आकडा जुळला तरच डीडी.

सुरुवातीला माझं ठाम मत होतं की वेग हवा तर ४०९६ च. आता नाही. पार्टिशन १ एमआयबीवर (१०२४ केबी) सुरू होत असेल आणि फाइलसिस्टम ४ केबीच्या पटीत लिहीत असेल, तर ५१२ च्या लनवर फरक जाणवत नाही. रडत होतं ते एकच जुनं व्हीएम, सर्व्हर २००३ चं. त्याचं पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६. याला ४०९६ ने भाग जात नाही. म्हणून ४ केबीचं एकेक लिखाण खालच्या डिस्कच्या ४०९६ च्या दोन ब्लॉकांवर सांडतं, आणि दोन्ही ब्लॉक आधी वाचून मग लिहावे लागतात. वर रेड-६ ची पॅरिटी (डेटा परत मिळवायचा जादा हिशेब) लिहायची आहेच. जीपार्टेड या पार्टिशन सरकवणाऱ्या साधनाने ते १ एमआयबीवर नेलं, बस्स. बॅकअप मात्र आधी घ्या, बूट हटून बसतं कधीकधी.

जुन्या अ‍ॅरेतल्या (मोठ्या स्टोरेज बॉक्समधल्या) स्वस्त सॅस डिस्क (सर्व्हरसाठीच्या) घेणार असाल तर त्या बऱ्याचदा ५२० बाइटच्या ब्लॉकच्या निघतात. ‘एसजी_फॉरमॅट --फॉरमॅट --साइज=५१२’ ने सुधारतात, पण तासन्‌तास लागतात. मध्येच लाइट गेली की डिस्क ‘फॉरमॅट करप्ट’ म्हणत अडते आणि पुन्हा पहिल्यापासून. गुरुवार पुण्यात वीजदुरुस्तीचा, लाइट जाण्याचा, त्यामुळे फॉरमॅट शुक्रवारी लावा, तेही यूपीएसवर.