मसावि-लसावि: मूळ अवयव पाडायचे की भागत जायचं?

पाचवीतलं पोट्टं नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला बसलं की घरात हा घोळ होतोच. दादाला भागाकाराची सवय, पोट्ट्याच्या वहीत मूळ अवयव. पक्कं काय करून घ्यावं?

समजा 84 किलो तूर आणि 126 किलो हरभरा आहे. मिसळायचं नाही, पण सगळे कट्टे सारख्याच वजनाचे हवेत आणि मागे दाणाही उरायला नको. कट्टा जास्तीत जास्त केवढा? 84 = 2 × 2 × 3 × 7 आणि 126 = 2 × 3 × 3 × 7. दोघांकडेही आहेत ते अवयव उचला: 2 × 3 × 7 = 42. हा मसावि, म्हणजे दोघांनाही पूर्ण भागणारी सर्वांत मोठी संख्या. तुरीचे दोन कट्टे, हरभऱ्याचे तीन. लसावि, म्हणजे दोघांनीही पूर्ण भागली जाणारी सर्वांत लहान संख्या; त्यासाठी पाटी पुसायची गरजच नाही. जो अवयव जिथे जास्त वेळा आलाय, तितक्या वेळा घ्या: 2 × 2 × 3 × 3 × 7 = 252. उत्तर असं का आलं, हे पोराला डोळ्यांनी दिसतं. भागाकारात ते झाकलेलं राहतं.

पण 1081 आणि 1219 द्या, मग बघा गंमत. 2 नाही, 3 नाही, 5, 7, 11, 13... अर्ध्यातच पोट्टं म्हणते, "मूळ संख्या हाय जी!" इथे भागाकारच कामाचा. मोठीला लहानीनं भागा, मग प्रत्येक वेळी भाजकाला बाकीनं. बाकी 138, मग 115, मग 23, मग शून्य. मसावि 23, चार भागाकारांत. युक्लिडची ही रीत दोन हजार वर्षांहून जुनी. आर्यभटाचा कुट्टक, म्हणजे समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढायची रीत, तोही अशाच भागाकारांवर चालतो.

भागाकारवाले लसावि काढताना गुणाकाराला मसाविनं भागतात. दोन संख्यांपुरतं ठीक. 4, 6, 10 घ्या: गुणाकार 240, मसावि 2, म्हणून लसावि 120? खरा 60 आहे. इथे बरीच पोरं मार्क घालवतात.

माझं मत विचाराल तर पाचवीला मूळ अवयवच, पाढे पाठ करूनच. भागाकार नंतर शिकवा, तोही एका खुणेसह: संख्या चारअंकी आहे आणि 2, 3, 5, 7 पैकी कशानंच भाग जात नाही, तर अवयव शोधत बसू नको.