सीताबर्डीत मिळालेली केरिस कट्यार

सीताबर्डीतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून घेतलेल्या या इंडोनेशियन केरिसवर ‘पुरातन, जावा’ अशी चिठ्ठी होती. वस्तू देखणी आहे, चिठ्ठीवर मात्र विसंबू नये. म्यानाचे तोंड होडीच्या आकाराचे, म्हणजे जावातील सुराकार्ता शहराच्या ‘लाद्रांग’ घाटाचे आहे, पण म्यान आणि मूठ सहज बदलता येत असल्यामुळे पात्याचे मूळ त्यांवरून ठरत नाही. २००५ मध्ये युनेस्कोने गौरवलेल्या या कलेची आजची बरीच पाती मदुरा बेटावरील सुमेनेप परिसरात, विशेषतः एंग तोंग-तोंग या कारागिरांच्या गावात घडतात आणि इतर प्रांतांच्या घाटात सजून बाजारात येतात. हे पातेही तिथलेच, म्हणजे नवेच असावे, असा माझा कयास आहे. त्यावरील ‘पामोर’, म्हणजे लोखंड व निकेलच्या थरांतून उमटलेली नक्षी, ठसठशीत आणि हाताला खरखरीत लागते. बालीचे पाते एरवी मोठे आणि घासून गुळगुळीत केलेले असते, म्हणून हे तिथले वाटत नाही. नवे काम म्हणून किंमत रास्त वाटली. मात्र पामोर उठून दिसावा यासाठी पात्याला परंपरेने सोमल (आर्सेनिक हे विष) व लिंबाचा रस लावतात, त्यामुळे ते हाताळल्यावर हात धुवावेत, ही सूचना दुकानाने द्यायलाच हवी होती.